बुढीचे हजार

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, कोणतीही गोष्ट हजाराच्या खाली सांगतच नसे. अंगणात चार चिमण्या उतरल्या तरी, "अवो, हजार पाखरं आले पाहा!" उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी उकळायचं, फक्त चहापत्ती टाकायची बाकी. मी चौथी शिकलेला, सरळ बोलणारा माणूस. पण ती बोलायला लागली की दोन खोल्यांचं घर ढगासारखं पसरत जायचं.

नात अकोल्याला कॉलेजात आहे. एकदा सुटीत आली तेव्हा म्हणाली, "आजी, तू बोलतं ना, त्याले इंग्रजीत हायपरबोली म्हंतात."

"शिवी हाये काय व ते?"

"नाई व. गोष्ट फुगवून सांगाची, पण फसवाले नाई. सांगणाऱ्याले अन् ऐकणाऱ्याले, दोघायलेई मालूम असते."

बुढीनं माझ्याकडे बोट केलं. "मंग यायच्यासारखा आळशी अख्ख्या वऱ्हाडात नाई म्हंतो मी, ते हायपरबोली नाई. ते खरं हाये."

बुढी गेल्यापासून घरात सगळं आहे तेवढंच आहे. चिमण्या चार, म्हणजे चारच. दुपारी डोळा लागला की मात्र ओसरीवरून तिचा आवाज येतो, अन् झोपेतच अंगण पाखरांनी भरून जाते. मी डोळे उघडत नाही.

शेवटच्या दुखण्यात अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर रोज विचारत, "आजी, दुखणं दहापैकी किती?" ती म्हणे, "हजार." डॉक्टर हसत. मलाही धीर येई. एका सकाळी ती हळूच म्हणाली, "असंन दोन-तीन."

डॉक्टर खूश झाले. मी मात्र पोराला अकोल्याला फोन केला, "नातीले घेऊन निघ."

"बाबा, डॉक्टर तं बरं हाये म्हंतात."

"डॉक्टरले तिचं बोलणं समजत नाई. निघ म्हंतो ना!"

दुपार कलता दोघं पोचले. नातीनं तिचा हात हातात घेतला. बुढी दुरून, झोपेतून पाहावं तशी पाहत राहिली. मग मला विचारलं, "आले काय वो सगळे?"

खोलीत आम्ही तिघंच.

"अख्खी अमरावती आली," मी म्हटलं. "बाहीर पाय ठेवाले जागा नाई."

ती हसली. "मंग त्यायले चहा तं पाजा," म्हणाली, अन् डोळे मिटले.