सुनीताला न दिलेले पास

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुनीताला ओळखत नाही.

मी जाफराबादकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. बास्केटबॉलची टीम मीच निवडते. एखाद्या मुलीची मॅच वाईट गेली, तरी तिचं नाव मी लगेच खोडत नाही. तिच्या हातात चेंडू आला तरी किती वेळा? ती मोकळी जागा धरून उभी होती का? बचावाला मागे पळाली का? सगळं बघते. ‘मॅडम कोणावर अन्याय करत नाहीत’ असं माझं नाव झालंय. ऐकायला गोड वाटतं — पण हे शहाणपण मला आलं कुठून?

दहावीत मी आमच्या टीमची कॅप्टन होते. सुनीता सगळ्यांत उंच; बास्केटखाली तिला चेंडू मिळाला की दोन गुण पक्के. जालन्याला मॅचला गेलो, तिथं खेळाआधी फोटो काढला. आणि सरांनी मधोमध उभं केलं कोणाला? सुनीताला! मी, साक्षात कॅप्टन, कडेला — अर्धा हात फोटोच्या बाहेर. आता हसू येतं. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग मी काय केलं? काहीच नाही — तेच तर केलं. अख्ख्या मॅचमध्ये तिला एक पास दिला नाही. ती हात वर करून ‘दे, दे’ ओरडतेय, आणि मी भलतीकडेच फेकतेय. हरलो, हे सांगायला नकोच. सुनीताचे गुण शून्य.

जिल्ह्याच्या टीमसाठी आमच्या शाळेतून दोन नावं जायची होती. आमचे सर मूळचे इतिहासाचे, खेळ त्यांच्या गळ्यात पडलेला. त्यांनी मला बाजूला घेतलं. “तू कॅप्टन हायेस, बराबर सांग. सुनीताला आज झालं काय?”

आणि मी — पापणीही न हलवता — म्हटलं, “सर, तिला बॉलच पकडता येत न्हाई.”

तिचं नाव कटलं, माझं पुढे गेलं. सरांनी तिलाही कारण तेच सांगितलं, फक्त माझं नाव न घेता. परतीच्या एसटीत ती रडत होती — कोणाच्या खांद्यावर? माझ्याच. मी तिची पाठ थोपटत होते, बोला आता! पुन्हा ती कधी खेळली नाही.

तिची लेक आता माझ्या शाळेत आहे. परवा पोरीची मॅच वाईट गेली, तरी मी तिला टीममध्ये ठेवलं. सुनीता पेढे घेऊन आली. चहा पिता पिता म्हणाली, “तवा तुझ्यासारखी मॅडम असती ना, तर मी बी गेले असते जिल्ह्याला.” मग स्वतःच खळखळून हसली. “जाऊ दे बाई, मला कुठं बॉल पकडता येत होता!”

मीही हसले. दुसरा पेढाही खाल्ला.

तिला चेंडू पकडता येत होता. माझ्यापेक्षा चांगला.