तांबूने पान्हा सोडला

राहुरीकडच्या त्या वस्तीवर बनुबाईंचा राग पोराटोरांनाही ठाऊक. बाई तशी देवभोळी. महादेवाच्या पिंडीवर पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घेणार नाही. पण कुणी उलटा शब्द बोलला, की वस्तीवरची कुत्रीसुद्धा गोठ्यामागे जाऊन बसायची.

माणसं ऐकून घेत. तांबू गाय मात्र ऐकून घेत नसे. बनुबाई फणफणत धारेला बसल्या, की ती पान्हा चोरायची. कास दुधानं तटतटलेली आणि बादलीत मोजून चार धारा!

मागच्या वर्षी यात्रेतल्या दूध स्पर्धेत हेच झालं. शेजारचे राधाकृष्ण काहीतरी बोलले, बनुबाई ताडकन उठून भांडायला गेल्या, आणि तांबूनं सगळ्या गावादेखत लाथ झाडली. शेवटचा नंबर! त्याच दिवशी नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, सांगून टाकलं, "पुढच्या यात्रेला आनखी एकदा बघू. पुन्हा आसंच झालं, तर धारेला ज्योती बसंल."

ज्योती म्हणजे सून. गुणाची पोर, तक्रार तिची नव्हतीच. पण जन्मल्या दिवशी जिला मांडीवर घेऊन दूध पाजलं, त्या तांबूला दुसऱ्याचा हात?

आणि आली की यात्रा! हलगी कडाडतेय, मांडवात माणूस मावत नाही, सात गाई ओळीनं उभ्या, शिंगांना हिंगुळाचा लाल रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. पंचांनी प्रत्येकीपुढं रिकामी बादली ठेवली. बारा मिनिटांची वेळ. शिट्टी वाजली!

सुरुवात काय झाली म्हणता! चर्र चर्र धारा, बादलीत फेसाचा डोंगर. तेवढ्यात दोरीपलीकडून आवाज आलाच, "काय बनुवहिनी, औंदा बादली भरनार का नुसती आमचे कान भरनार?"

राधाकृष्णच. लोक खो खो हसले.

बनुबाईंच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. पण यंदा त्यांनी दात आवळून जीभ धरली. मनात म्हणाल्या, महादेवा, राखलंस बाबा! पण कसलं राखलं? तोंडातून न निघालेला राग सरळ मनगटात उतरला होता. मुठी आवळल्या. तांबूचे कान मागं गेले, शेपटीचा फटका गालावर बसला, धार बारीक झाली, आणि थांबली.

"आगं वढ की! टाइम चाल्लाय!" मच्छिंद्र ओरडला.

"सहा मिन्टं ऱ्हायली!" कर्ण्यावरून पुकारा झाला.

आता काय? ओढावं तर गाय बिथरणार, उठावं तर कायमचंच उठावं लागणार. बनुबाईंनी दोन्ही हात सोडून दिले. भर स्पर्धेत! शेजारच्या बादल्या भरताहेत, आणि ही बाई गाईच्या कुशीला कपाळ टेकून बसलीय. ज्योतीनं पदर तोंडात धरला.

रोज पहाटे धार काढताना बनुबाई भजन म्हणत. आज देवाचं नाव जिभेवर येईचना, तिथं राधाकृष्ण ठाण मांडून बसलेले. मग बाईंनी काय करावं? रोजचीच चाल धरली, रोजचाच मऊ आवाज, कासेवरून हात फिरवला आणि गायला लागल्या,

"राधाकिसना रंऽ, तुझ्या तोंडाला लागू दे कुलूपऽ... तांबू माझी गुनाचीऽ, तुझ्याकडं न्हाई बघायचीऽ..."

पुढचे लोक हसू दाबायला लागले.

"ऐकू येतंय मला, वहिनी!"

"ऐक की रंऽ, तुझंच भजन हायेऽ," बनुबाईंनी मान न वळवता, ताल न सोडता म्हटलं.

आता मात्र राधाकृष्ण पोट धरून हसले, आणि बनुबाईंनाही हसू फुटलं. हसता हसता मूठ सैल झाली. तांबूनं कान पुढं घेतले, एक लांब श्वास सोडला, आणि अहो, काय पान्हा सोडला! चारी सड भरून आले. हलगीवाला त्या धारेच्या ठेक्यावर वाजवायला लागला. लोक ओरडताहेत, "वढ बनुबाय, वढ!" बाईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

शिट्टी झाली. माप झालं. दुसरा नंबर! पहिली गाय फक्त पेलाभर दुधानं पुढं.

ज्योती दोरीखालून पळत आली. "आत्याबाई, मी न्हाई बसनार धारेला. मला राग आला तर यवढ्या लोकांत गानं कुठून आनू?"

बनुबाईंनी मच्छिंद्रकडं पाहिलं. त्यानं उगाच टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्याकडं काय बघती? सकाळच्याला तूच बसायचं हाय. गाय घरी न्यायची का हितंच ठिवायची?"

बनुबाईंनी तांबूचं दावं सोडलं.