दुसऱ्या भागातला शेजारी

दुसऱ्या भागाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, आणि तो आला तेव्हा पहिल्या तासाभरातच मला त्यातलं एक बटण डोळ्यांसमोर नकोसं झालं.

पहिल्या भागात ते बटण पडद्याच्या कोपऱ्यात गप्प असायचं. हा कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचा खेळ. आपण आपलं सैन्य हलवायचं, शेतांवर माणसं पाठवायची, मनासारखं झालं की ‘टर्न संपला’ हे बटण दाबायचं. मग बाकीची राज्यं हलणार. मधे तुम्ही चहा टाका, कपडे वाळत घाला, नवऱ्याशी भांडून या, राज्य जागच्या जागी. कॉलेजच्या होस्टेलपासून मी हा खेळ खेळते ती याच एका गुणासाठी. लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या काउंटरवर मी नोकरी करते. शनिवार-रविवारी तिथे प्रत्येकाला खोली आत्ता हवी असते, डोंगर दिसणारी हवी असते, आणि धुकं असलं तर ते बाजूला काढून हवं असतं. अशा नोकरीतून घरी आल्यावर जो आपल्यासाठी थांबतो तो खेळ बरा वाटतो. दुसऱ्या भागात मात्र जरा विचार करत बसलं की ते बटण लुकलुकायला लागतं, आणि पागोटं घातलेला एक प्रधान उगवून इंग्रजीत सांगतो की महाराज, प्रजा खोळंबली आहे. अरे, खोळंबू दे की! प्रजा माझी आहे, तुझी नाही.

बाकी चित्रं देखणी आहेत, ते मान्य करायला हवं. नदी खरोखर वाहते. पहिल्या भागात शेत म्हणजे एक पिवळा ठिपका होता; आता ऋतूप्रमाणे शेताचा रंग बदलतो, आणि जवळ जाऊन पाहिलं तर माणसं वाकून काम करताना दिसतात. संगीत बिघडवलंय, मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीला लावतात तसलं आहे. शत्रू पूर्वी मठ्ठ होते, आता हुशार झालेत. आणि ज्याची जाहिरात सगळ्यात जास्त केली होती ती गोष्ट म्हणजे मैत्री. पहिल्या भागात शेजारचं राज्य फक्त लढायचं. आता त्याच्याशी तह करता येतो, धान्य देता-घेता येतं, आपली माणसंसुद्धा उसनी देता येतात.

एकटी असते तर दोन दिवसांत मत बनवून मी मोकळी झाले असते. पण माझ्या शेजारी सासरे बसलेले होते.

आबांचं सगळं आयुष्य टाकवे बुद्रुकला गेलं. तिथे आमचं घर आणि भाताची दोन खाचरं आहेत. होळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, काठी घेऊन चालायला लागले. हात आणि बोलणं मात्र मागे राहिलं. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांना टाकवे लांब पडतं म्हणून आम्ही आबांना लोणावळ्याजवळ वलवणला आमच्या फ्लॅटवर आणलं. व्यायामाचा त्यांना भारी कंटाळा. एका मंगळवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी जुना भाग खेळत होते आणि ते बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “तुजी शेतं समदी पडीक हायेत.” मी म्हटलं, मग बघा तुम्ही. आणि माउस त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवला.

तेव्हापासून वाटणी ठरून गेली. “तू मारामाऱ्या कर, मी शेती बगतो.” त्यांचा हात पडद्यावरच्या एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत जायला इतका वेळ लागायचा की माझी एक वाटी लसूण सोलून व्हायची. खेळाची काही तक्रार नसायची. दर मंगळवारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. आमचं राज्य लढाईत मार खायचं, पण धान्याने भरलेलं असायचं. नवा भाग आला तेव्हा तो दोघांनी मिळून सुरू करायचा हे न बोलता ठरलेलं होतं.

तेव्हा जुलै चालू होता आणि आबांचं अर्धं मन टाकव्याला होतं. गावात भाताची आवणी चालू होती. रोप उपटून खाचरात लावायचं हे काम एकट्या घराचं नाही, म्हणून आमच्याकडे सावड असते. चार-पाच घरांनी मिळून आज याच्या खाचरात उतरायचं, उद्या त्याच्या. पैशाचा संबंध नाही. ज्याने सावड दिली त्याला सावड मिळते. त्यात एक नियम असा की आपण होऊन विचारायचं नाही. आदल्या संध्याकाळी कोणीतरी दाराशी येतं आणि सांगतं, उद्या तुझ्याकडे. तोवर गप्प बसायचं. त्या वर्षी आबांना वाकता येत नव्हतं. नवरा टाकव्याच्या अलीकडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. मी माहेरची सुदुंबऱ्याची. तिकडे बाजरी, भुईमूग आणि भावांच्या कंपन्यांतल्या नोकऱ्या, भाताच्या चिखलात मी जन्मात पाय घातला नव्हता. थोडक्यात, आमच्या घरातून सावडीला कोणीच गेलेलं नव्हतं. मग आमच्याकडे कोण येणार?

नवऱ्याने फोनवर फोटो आणला. आमचं रोप वाढून शेंड्याला पिवळं पडायला लागलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर लावून उपयोग नव्हता. तो म्हणाला, “आबा, रोजानं माणसं बघतो. वाडीवरची येतात. एका दिवसात उरकेल.”

“रोजानं लावायची तर मंग तांदूळच इकत आन,” आबा म्हणाले. एवढं वाक्य पुरं करायला त्यांना बराच वेळ लागला, पण केलं पुरं.

मला आधी तो नुसता हट्ट वाटला. नंतर कळलं की त्यांना भाताची काळजी नव्हतीच. आमचं घर त्या भातावर चालत नाही. आपल्याला गाव अजून सावडीत धरतं की काढून टाकलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारता येत नव्हतं. फोन वाजला की ते आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. फोन बहुतेक रिसॉर्टचाच असायचा.

नव्या भागात आमच्या राज्याला लागून एक शेजारी होता. हिरवा झेंडा, गोल चेहरा, तोंडावर कायम हसू. त्याच्याशी तह केल्यावर एक नवी खिडकी उघडली: आपली माणसं शेजाऱ्याच्या कापणीला पाठवायची का? मी वाचून दाखवलं आणि आबा खुर्चीत सरसावून बसले.

“बग! आत्ता शाने झाले ह्ये लोक.”

मी असते तर एक टोळी पाठवली असती आणि बदल्यात घोडे मागितले असते. आबांनी सगळ्या टोळ्या पाठवल्या. आमच्या शेतावर चिटपाखरू ठेवलं नाही. मी म्हटलं, “आबा, आपलंही पीक उभं आहे.”

“अगं, फुडल्या टर्नाला त्येची येतील ना. आपली आन् त्येची. एका दमात हुतंय.”

बटण लुकलुकत होतं, प्रधान हात जोडून उभा होता. आबांनी सावकाश बटण दाबलं. शेजाऱ्याची शेतं पटापटा कापून झाली, त्याची कोठारं भरली, तो खिडकीत येऊन हसला. आमच्याकडे कोणी आलं नाही. आबा म्हणाले, वाटेत असतील. पुढचा टर्न. कोणी नाही. आमची माणसंसुद्धा तिकडेच. तो त्यांच्याकडून आता तटबंदी बांधून घेत होता. त्यानंतर ऋतू बदलला आणि आमचं उभं पीक काळं पडलं.

“गरज सरो, वैद्य मरो!” आबा ओरडले. “आगं, ह्यो हसतोय कशापायी? बोल त्येला. दाब काय तरी.”

मला हसू आवरेना. कप्पाळ माझं, किती वर्षं हा खेळ खेळते, असा पराभव कधी पाहिला नव्हता. प्रधान तेवढ्यात पुन्हा म्हणाला की प्रजा खोळंबली आहे. आबांनी त्याला जी शिवी दिली ती वारं गेल्यापासून त्यांच्या तोंडून आलेली सगळ्यात स्वच्छ गोष्ट होती.

मग मी खेळाची मदतीची पानं उघडून नियम वाचला. इंग्रजीतला नियम मराठीत सांगताना माणूस शब्दांकडे बघतो, कोणाला सांगतोय याच्याकडे बघत नाही. मी म्हटलं, “त्याचं गणित असं आहे आबा. आपण सगळी माणसं दिली, आता आपल्याकडे द्यायला काही उरलं नाही, हे त्याला कळलं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्याकडे तो येत नाही.”

वाक्य संपलं आणि मला माझा आवाज ऐकू आला. आबा पडद्याकडे बघत राहिले.

“मंग बरुबर हाय त्येचं,” ते म्हणाले, आणि माउसवरचा हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

मला त्या गोल चेहऱ्याचा असा संताप आला की मी लॅपटॉप खाडकन मिटला. थोडा वेळ स्वयंपाकघरात उगीच भांडी इकडची तिकडे केली. मग बाहेर येऊन विचारलं, “उद्या सावड कोणाकडे असेल?”

“भाऊकडं असंल. का?”

“मी जाते.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू? आवनी येती तुला?”

“नाही.”

“खेकडं असत्यात खाचरात.”

“काउंटरवर त्याहून वाईट असतात.”

त्यांचं तोंड एका बाजूने हसलं. मी रिसॉर्टला फोन करून रजा टाकली. पावसाळ्यात बुधवारी कोण येतंय!

सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना नवऱ्याने आम्हा दोघांना टाकव्याला सोडलं. आबांना घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून दिली आणि मी भाऊंच्या खाचराकडे गेले. भाऊ हे आबांचे बांधाला बांध असलेले शेजारी, लहानपणापासूनचे, आणि सावडीत सगळ्यात वडील. त्यांच्या घरच्या मावशींनी मला डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद दिला आणि एवढंच विचारलं, “कुनाच्या वतीनं?”

“आबांच्या.”

“बरं. उतर.”

कोणी शाबास म्हटलं नाही, कोणी आबांची चौकशी केली नाही. रोपाची एक जुडी हातात आली. चिमटीत थोडी रोपं धरायची, अंगठ्याने चिखलात दाबायची, मागे सरकायचं. माझी रोपं दाबली की खाली जायची आणि मी सरकले की वर येऊन पाण्यावर उताणी पडायची. शेजारची बाई न बोलता ती पुन्हा लावत होती. दुपारी बांधावर भाकरी आणि सुकट खाल्ली, तेव्हा मला ताठ बसता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाकलेलीच होते. कोणीही उद्याचं काही बोललं नाही, आणि मी विचारलं नाही.

मी घरी येऊन पाय धूत होते तेव्हा भाऊ दाराशी आले. गुडघ्यापर्यंत चिखल. बसले नाहीत. आबांकडे बघून म्हणाले, “उद्या तुज्याकडं.”

आबांनी काठी ओट्यावर टेकवली. मग म्हणाले, “आमी औंदा काय दिलं न्हाई.”

“दिलं की. सुनंची अर्धी सावड धरलीया. बाकीची समदी तुज्या अंगावर. पुडल्या साली फेडायची. फुकाट लावत न्हाई आमी कुनाची.”

मला वाटलं आता आबा हात जोडतील, डोळ्यांत पाणी आणतील. मीच आणायच्या बेतात होते.

“अर्धी?” आबा म्हणाले.

“तिची रोपं तरंगत्यात. बायांनी मागनं परत लावली.”

“दिसभर वाकली ना ती?”

“वाकली.”

“मंग अख्खी.”

“अर्धी.”

“तुजा थोरला पयल्यांदा आलता तवा... तवा त्यानं...”

“त्येचं काय काडतोस आता!”

“बांदावर बसून शेंगा खाल्ल्या त्यानं! धरली का न्हाई मी अख्खी?”

“तो ल्हान हुता.”

“ल्हान? मिशा हुत्या त्येला!”

आबांचे शब्द एकमेकांत अडकत होते, ओठांच्या कोपऱ्यातून थुंकी उडत होती, काठी ओट्यावर आपटत होती. शेजारपाजारचे दारात आले. वारं गेल्यापासून आम्ही सगळे त्यांच्याशी हळू बोलायचो. एकेका शब्दासाठी थांबायचो, ते जे म्हणतील त्याला मान डोलवायचो. नवरा, मी, व्यायामाच्या बाई, भेटायला येणारे पाहुणे, सगळेच. भाऊ थांबत नव्हते. शब्द अर्धा असतानाच ते तोडत होते, वरचढ आवाज काढत होते, धडधाकट माणसाशी भांडावं तसे भांडत होते. आणि आबा माझ्या एका दिवसासाठी मागे हटत नव्हते.

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याकडच्या भिंतीला आतून पाठ लावून रडले. बाहेर अख्खी, अर्धी, अख्खी चालूच होतं.