पहिला उतार

त्या दगडी डोंगरवाटेवर तिला सगळेच वहिनी म्हणत. तिच्या बापाच्या वयाचे ड्रायव्हरसुद्धा. कॅम्पर, म्हणजे जिच्या पोटात बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी असते अशी गाडी घेऊन हौशी माणसं डोंगरात शिरत, आणि जिथे त्यांची हौस फिटे तिथे वहिनी लागे. डिझेलची टाकी दगडाला लागून ठिबकायला लागली, की ती साबणाची वडी भेगेवर घासून घासून भेग बुजवे. फॅनचा पट्टा तुटला, तर कोणाचे तरी नायलॉनचे लांब मोजे मागून घेई आणि पिळून त्यांचा पट्टा करी. "धुऊन परत देते हं," असं म्हणे आणि कधीच देत नसे.

तिची स्वतःची जुनी कॅम्पर वाटेच्या माथ्यावर उभी असे. तेच घर, तेच वर्कशॉप. नवरा आत चूल सांभाळी. त्याचा उजवा पाय गुडघ्यातून नीट वाकत नसे, त्यामुळे गाडीखाली शिरण्याचं काम तिचं आणि तव्यावर वेल्डिंगचे रॉड शेकण्याचं काम त्याचं. दमट रॉडने मारलेला टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, वरून बरा दिसतो, आतून जाळीदार राहतो. म्हणून वहिनी शेकलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कमरेला बांधून फिरे.

त्या वाटेचा एक रिवाज होता. टाका ज्याने मारला, पहिला उतार गाडी त्यानेच चालवायची. मालकाने शेजारी बसावं नाहीतर चालत यावं, त्याची मर्जी. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण मोडणारा माणूस त्या वाटेवर पुन्हा तोंड दाखवू शकत नसे.

वहिनी काही हौसेने डोंगरात आली नव्हती. खाली शहरात नवरा आणि धाकटा दीर यांचं गाड्या बांधायचं वर्कशॉप होतं. वेल्डिंग ती करी. एकदा एका गाडीच्या मागच्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, ब्रॅकेट तिने नुसतं शिकंज्यात धरून ठेवलं होतं. रॉड दमट होते, ती कोरडे आणायला गेली. परत आली तोवर गाडी चाचणीला निघून गेलेली, ब्रॅकेट सुटलेलं, गाडी कलंडलेली आणि नवऱ्याचा पाय तिच्याखाली. दिराने गिऱ्हाइकांसमोर कपाळावर हात मारून घेतला. "वहिनींचा टाका सुटला हो. बाईमाणसाच्या हाती द्यायलाच नको होतं." तुटलेलं ब्रॅकेट त्याने त्याच दिवशी भंगारात घातलं.

ती ओरडून सांगत राहिली, मी टाका मारलाच नव्हता. कोणी ऐकलं नाही, आणि शेवटी दोघं शहर सोडून इथे वर आली. नवऱ्याने मात्र तिला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तेच तिला जास्त लागलं. तो गप्प बसून पाय चोळी, आणि तिला वाटे, ह्यांच्या मनात आहेच. फक्त बोलत नाहीत. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. दिराने ह्यांच्यासमोर उभं राहून खरं सांगावं. ते झालं की मग त्याची अशी खोड मोडायची, की त्याने पुन्हा पान्याला हात लावू नये. गाडीखाली उताणं पडून बोल्ट आवळताना ती हेच घोळवी, आणि बोल्ट जरा जास्तच आवळला जाई.

आणि एके दिवशी सकाळी खालून आलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, ओढ्यापाशी तीन नव्याकोऱ्या कॅम्पर अडकल्यात. पुढच्या गाडीचा मागचा पाटा बसलाय. दारावर तुमच्या दिराचा बोर्ड आहे."

तिने हात पुसले. नवरा आतून म्हणाला, "जाऊन ये. पण भांडू नकोस."

"भांडायला कोण जातंय? काम करायला जातेय. तुम्ही पण चला."

"मी कशाला?"

"बसा गाडीत."

ओढ्याच्या अलीकडे गाडी उभी करून ती उतरली. दीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. गिऱ्हाइकं काठावर दगडांवर बसली होती. नवं लग्न झालेलं एक जोडपं एकमेकांशी बोलत नव्हतं, आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई सगळ्यांशी बोलत होत्या.

"अरे वा, भावजी!" वहिनी म्हणाली. "तीन तीन गाड्या! आणि पुढचीच बसली?"

दिराचा चेहरा पडला. "वहिनी? तुम्ही इकडे?"

"मग कुठे असणार? तुम्हीच तर पाठवलंत."

ती गाडीखाली शिरून आली. मागच्या पाट्याचं ब्रॅकेट गाडीच्या सांगाड्यापासून उपटून आलं होतं. अगदी तसंच, त्या दिवशीसारखं. तिला हसू आवरेना. तिने जॅकखाली फळी घातली, गाडी उचलून ओंडक्यावर टेकवली, तिन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या काढून एकीला एक जोडल्या आणि वायरीच्या एका टोकाला रॉड पकडायचा चिमटा लावला.

"एवढ्यावर वेल्डिंग होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झकास होतं. बघाच आता." आणि तिने चिमटा आणि काळी काच दिरापुढे धरली. "घ्या."

"मी?"

"दारावर नाव कोणाचं आहे? आणि माझा टाका सुटतो, हे तुम्हीच गावभर केलंय. या बिचाऱ्यांचा जीव माझ्या हाती कसा द्यायचा?"

गिऱ्हाइकांच्या माना त्याच्याकडे वळल्या. दिराने ओठ चावला आणि आपल्या गाडीतून रॉडचं खोकं काढलं. ओढ्याचं पाणी गाडीत शिरलं होतं, खोक्याचा तळ भिजून लोंबत होता. वहिनीच्या कमरेला कोरड्या रॉडचा डबा होता. तिने त्यावर पदर ओढला.

ठिणग्या तडतडल्या, धूर झाला. दीर खोकत बाहेर आला. टाका मुंग्यांनी पोखरल्यासारखा झाला होता. त्याने तो एकदा पाहिला आणि लगेच चिखलाचा हात त्यावरून फिरवला.

"झालं," तो म्हणाला.

"छान." वहिनीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. "बसा. बाकीचे चालत येतील. टाका ज्याचा, पहिला उतार गाडी तोच चालवतो. इथला रिवाज आहे."

ओढ्यापलीकडे परतीचा उतार सुरू होत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही.

"माझा ड्रायव्हर आहे ना," दीर म्हणाला.

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला. "मालक, टाका तुम्ही मारलाय."

"ब्रेक जरा हलके लागतायत. आधी ते बघू."

"ब्रेक सकाळी चांगले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच बसत नसाल, तर घरापर्यंत आम्ही कसं बसायचं?"

दिराने उताराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. वहिनी दार धरून उभीच. या क्षणाची तिने इतकी वाट पाहिली होती, की तो लवकर संपू नये असं तिला वाटत होतं.

"वहिनी," तो शेवटी हळूच म्हणाला, "तुम्ही मारा टाका."

"मोठ्याने बोला. पाण्याचा आवाज आहे."

"तुम्ही मारा टाका!"

"मारते. आधी ह्यांच्याकडे तोंड करा. त्या दिवशीचा टाका कोणाचा होता, ते सांगा."

नवरा काठीवर रेलून काठावर उभा होता. दीर त्याच्याकडे वळला. "दादा… तो टाका माझा होता. गिऱ्हाईक घाई करत होतं. वहिनी येईपर्यंत थांबलो नाही. दमट रॉडनेच मारला."

वहिनीने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. धक्का बसेल, राग येईल, निदान डोळ्यांत पाणी येईल. नवऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"पुरे आता," तो म्हणाला. "चारचौघांत त्याला किती खाली बघायला लावशील? मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टाका त्याचा होता ते. मशीनची वायर मीच धरली होती."

नव्या जोडप्यातली मुलगी आपल्या नवऱ्याच्या कानाशी "काय झालं?" म्हणाली.

"आणि मला नाही सांगितलंत?"

"त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. नाव खराब झालं असतं, तर मुलीकडच्यांनी मोडलं असतं." नवरा तिला समजावल्यासारखा बोलला, जणू तव्यावरचे रॉड अजून शेकायचेत असं सांगत होता. "आणि तू पहिल्यापासून खमकी. तुला सोसतं."

वहिनी छिन्नी आणि हातोडा घेऊन गाडीखाली गेली. दिराचा टाका तिने असा फोडून काढला, की काठावरच्यांनी कानांवर हात ठेवले. एवढी वर्षं हातोड्याच्या प्रत्येक घावाखाली तिला दिराचा चेहरा दिसायचा. आज तो नीट दिसेना. तिथे दुसराच चेहरा येऊन बसला होता, रोज तिला चहा देणारा. तिने डब्यातले कोरडे रॉड काढले आणि टाका मारला. तेलाची धार तुटू नये म्हणून जपावं तसा हात स्थिर ठेवला. मनात काय चाललंय, ते तिने हातापर्यंत पोचू दिलं नाही.

मग ओंडका काढून, बॅटऱ्या परत जागेवर लावून ती स्टिअरिंगवर बसली. नवरा सवयीने शेजारच्या दाराशी आला. तिने आतून कडी लावली.

"अगं, मी."

"तुम्ही भावाला सोबत करा. चालत या."

"एवढा उतार? माझा पाय…"

तिने काच वर केली. डॉक्टरीणबाई मागच्या दारातून आधीच आत चढून बसल्या होत्या. "मी आले तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. "तुमचा टाका बघितलाय मी."

गाडी उतरली. पाटा कुरकुरला, धरून राहिला. आरशात दोघे भाऊ दिसत होते. धाकटा थोरल्याला दंडाला धरून उतरवत होता आणि थोरला दर दगडापाशी थांबत होता. प्रत्येक थांब्याला तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत नव्हती.

उतार संपल्यावर तिने गाडी सपाटीवर लावली, खाली शिरून टाका बोटाने चाचपला आणि स्वतःची गाडी आणायला परत वर निघाली. अर्ध्यावर दोघे समोर आले. दीर खाली मान घालून बाजूला सरला. नवरा धापा टाकत होता.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "चल, घरी जाऊ. मी चहा ठेवतो."

"भावजींच्या गाडीत ओटा आहे," वहिनी म्हणाली. "नवाकोरा. तिथे ठेवा."

आणि ती चढणीला लागली.