कुंदाताईंनी पास केलेलं रेग्युलेटर

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या ओसरीवर कुंदाताई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. खुर्चीला टेकवलेलं हवेचं सिलिंडर, त्यातून निघालेली काळी नळी आणि नळीचं टोक ताईंच्या दातांत. मला वाटलं, बाईंना काहीतरी मोठा आजार आहे. मी चपला काढून चेहरा शक्य तितका दुःखी केला. ताईंनी टोक तोंडातून काढलं. "असा काहून पाहून राहिला गा? एका पोराचं नवं रेग्युलेटर तपासून राहिली मी."

रेग्युलेटर म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा लागेल तेव्हा, लागेल तेवढी तोंडात देणारं यंत्र. ताई पोहणं शिकवून निवृत्त झालेल्या. यजमानांची बदली अंदमानला होती तेव्हा त्या स्कूबा डायव्हिंग शिकल्या आणि परतल्यावर आमच्यासारख्या खुळ्यांना शिकवू लागल्या. मी शहराबाहेरच्या वाडी भागात ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. पंचेचाळिशी उलटली आहे, पोट माझ्या आधी दारातून आत जातं. नागपूरला समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. बायको ते विसरू देत नाही.

ताईंची तपासणी ठरलेली. आधी सिलिंडर बंद ठेवून ओढून बघायचं. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. मग सिलिंडर उघडून ओसरीवर शेंगा सोलायच्या. "पाण्याबाहेर ज्याचा भरवसा नाही, त्याले पाण्यात कायले नेतं? तोंडात आहे हे ध्यानातच नाही आलं पाह्यजे." मालवणच्या समुद्रात माझी पहिली बुडी ठरली आणि मी नवं रेग्युलेटर घेतलं, तेव्हा हा प्रयोग मीही घरी केला. तोंडातलं टोक इतकं घट्ट चावलं की जबडा दुखला आणि सोललेल्या दाण्यांवर लाळ गळली. बायको म्हणाली, "आता हे दाणे तुम्हीच खा." खाल्ले.

मालवणला पाण्यात माझी जोडीदार ताईच होणार होत्या. बुडी नेहमी जोडीनं मारतात, आणि ताई सोबत नसत्या तर मी गुडघाभर पाण्यातही गेलो नसतो. पण त्यांची अट होती, नवं रेग्युलेटर तलावात पास झाल्याशिवाय समुद्र नाही. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही सदर भागातल्या पोहण्याच्या तलावावर गेलो.

आधी ताई उतरल्या. सरळ, कुशीवर, मग डोकं खाली पाय वर. थोड्याच वेळात वर आल्या आणि म्हणाल्या, "जड ओढून राहिलं." हवा हलकी करायची कळ त्यांनी पूर्ण फिरवली, पुन्हा गेल्या, पुन्हा वर आल्या. "नाही गा. जडच. तू पाहा बरं."

मी उतरलो. हवा अशी आली, जशी मे महिन्यात कुलरसमोर बसल्यावर येते. वर येऊन मी ताईंचा चेहरा पाहिला. दमलेला होता, ओठ निळसर. माझ्यातला शूर पुरुष तत्काळ बोलला, "होय ताई, फारच जड आहे. परत करतो."

"खोटं नको बोलू. तुझे बुडबुडे पाहिले मी, एकसारखे निघून राहिले होते. माहं जुनं आण."

जुनं रेग्युलेटर मी सिलिंडरला जोडून दिलं. त्यावर त्यांनी कितीतरी वर्षं श्वास घेतला होता. देवाधर्माचा मी फारसा नाही, पण त्या वेळी मनापासून वाटलं, हे तरी हलकं ओढू दे. ताई खाली गेल्या. वर बुडबुड्यांचा झुबका आला, थांबला, मग घाईघाईनं दुसरा. ताई कठड्याला धरून वर आल्या.

"जुनंही जडच," त्या म्हणाल्या. मग शांतपणे, "दोन्ही चांगले आहेत गा. माहाच दम कमी झाला. नवं पास आहे. तू जा मालवणले."

"तुमच्याशिवाय मी नाही जात, ताई."

"जाशीन. न जायाले काय झालं तुले?"

मला रडू आलं. तेही मास्क लावलेला असताना. "आधी मास्क काढ," ताई म्हणाल्या, "आतून भरन." मी घाईत काढायला गेलो तर पट्टा कानात अडकला. ताईंनीच सोडवला.

डॉक्टरांनी ताईंना हृदयाचं दुखणं सांगितलं. मालवणला मी तिथल्या एका प्रशिक्षकाबरोबर उतरलो. मासे पाहिले म्हणे. मला आठवत नाहीत. किनाऱ्यावर येऊन ओल्या अंगानंच ताईंना फोन लावला.

"कसं ओढते?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

जड आहे म्हणावं असं फार वाटलं. पण त्यांच्याशी पुन्हा खोटं बोलवेना. "एकदम हलकं, ताई."

"बस. मंग झालं."

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, थांबत, ओढत, पुन्हा थांबत. एवढा मोठा समुद्र समोर होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून तो श्वास ऐकत उभा राहिलो. फाल्गुनात ताई गेल्या.