सात मोजेपर्यंत

लोक म्हणतात, नशिबाला दोष देऊ नये. म्हणणाऱ्यांचं बरं चाललेलं असतं, म्हणून म्हणतात. मीही नशिबाला दोष देत नाही. मी माझ्या मानेला देतो. होय, मान. खांद्यावर असते ती. माझ्या आयुष्याचं वाटोळं कोणी शत्रूने केलं नाही, या मानेने केलं.

मी वेल्डर होतो. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा अगदी सुरुवातीला मामाच्या मागे मागे आलो, वैनगंगेकाठच्या गावाहून. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईला दंडार असते. नाटक, नाच, गाणं सगळं एकातच. त्या दंडारीत मी नऊ वर्षांचा असल्यापासून उभा राहायचो. आधी राणी झालो, मिसरूड फुटल्यावर राजा झालो. पाच-सात गावांत लोक मला ओळखत. बाजारात म्हाताऱ्या बाया गालाला हात लावून म्हणायच्या, "हाच नाही का वो तो, राणी झाला होता तो?" हे एकदा अंगात भिनलं की निघत नाही. भिलाईला पोटासाठी आलो हे खरं, पण मनात पक्कं होतं की इथे चार वर्षं काढायची, मग नागपूर, मग पुणं-मुंबई, आणि भिंतीभिंतीवर आपलं नाव. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, आणि ते काही चांगलं हसू नाही.

आता त्या मानेचं सांगतो. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला की डोळ्यांत रेती भरल्यासारखं होतं. बायको बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायची आणि मी गुरासारखा ओरडायचो. म्हणून आमच्या टोळीची एक रीत होती. ठिणगी पाडण्याआधी वेल्डरने मोठ्याने ओरडायचं, "आँख!" आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी मान खाली टाकायची. आम्ही मान झटकली की कपाळावरचं हेल्मेट काचेसकट तोंडावर पडायचं. पंजाबी असो, बंगाली असो, मल्याळी असो नाहीतर तिथल्याच रुआबांधा गावचा छत्तीसगढी, सगळ्यांच्या माना एकाच तालात पडायच्या. दिवसातून शंभरदा. कधी ओरडणारा विसरला तरी नुसता उजेड दिसला की मान आपली आपण पडायची. डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती.

सेक्टरमध्ये नवी क्वार्टरं झाली तशी मराठी लोकांनी गणपती बसवायला सुरुवात केली. गणपती म्हटला की नाटक आलंच. आणि नाटक म्हटलं की साहेबलोक आले. पुण्या-मुंबईकडचे, ड्रॉईंग ऑफिसातले. आम्ही भंडारा-नागपूरकडचे, कोणी रेल्वेत, कोणी प्लँटमध्ये. सतरंज्या घालायला आम्ही, संवाद म्हणायला ते. दिग्दर्शक साहेब नाटकं स्वतःच लिहीत. पहिल्या वर्षी मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मले बी एखादं काम द्या ना जी."

ते हसले असते तर परवडलं असतं. ते हसले नाहीत. अगदी सभ्यपणे म्हणाले, "आवाज छान आहे हो तुमचा. गड्याचं काम आहे. कराल?"

केलं ना बाप्पा! तीन वर्षं केलं. "होय मालक." "पाणी आणलंय मालक." पाच-सात गावांचा राजा इथे तीन वर्षं पाणी आणत होता. पण मी काही स्वस्थ बसलो नाही. भाषा घासूनपुसून घेतली. साहेब कसे बोलतात ते कान देऊन ऐकायचो आणि घरी तसंच बोलायचो. बायको पदर तोंडाला लावून हसायची. "तुमी कोणाशी बोलून राहिले, माझ्याशी का भिंतीशी?" म्हणायची. हे जे मी आता मला-तुला करत लिहितो आहे ना, ती तेव्हाची कमाई. संताप आला की मात्र अजून मले-तुलेच तोंडात येतं.

मंडळात माझा एक दोस्त होता. दुर्गला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, मूळ नागपूरचा. तालमीला सायकलवर यायचा. दिसायला देखणा, भाषा स्वच्छ, पण स्टेजवर गेला की स्वतःच्या हातांचं काय करावं हे त्याला कळायचं नाही. ते मी शिकवलं. हात कुठे ठेवायचे, वळायचं कसं, लोकांचा श्वास अडकला की तो किती वेळ अडकवून ठेवायचा. आमच्या क्वार्टरच्या अंगणात, बायकोच्या हातचा वडाभात खात खात शिकवलं. समोरचा अडखळला तर त्याला सांभाळून कसं न्यायचं, हेसुद्धा मीच शिकवलं. दंडारीत हे पहिलं शिकवतात, कारण तिथे रोज कोणीतरी अडखळतंच. हे लक्षात ठेवा.

चौथ्या वर्षी नाटकाला पंधरा दिवस राहिले आणि मुख्य काम करणाऱ्याची बदली झाली. काम म्हाताऱ्या मास्तराचं होतं. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. पूर्ण नाटक पाठ असलेला एकच माणूस होता, पाणी आणणारा. नाइलाजाने मला दिलं. दोस्त माझा मुलगा झाला होता. शेवटच्या अंकात दहा वर्षांनी तो दारात येऊन उभा राहतो. मास्तर त्याच्याकडे बघतो. बोलत नाही. साहेबांनी सांगितलं, "मनात सात मोजा. सात होईपर्यंत पापणी हलता कामा नये. मग म्हणा, मी तुम्हाला ओळखलं नाही." सगळं नाटक त्या सात आकड्यांवर उभं होतं. बायको तांदूळ निवडता निवडता मोठ्याने सात मोजायची आणि मी पाण्याच्या माठाकडे टक लावून बघायचो. ती तालीम इतकी चालली की शेवटी माठाला लाज वाटली असेल.

त्यातच बातमी आली. नागपूरच्या एका नाटक कंपनीचे मालक नाटक बघायला येणार होते. त्यांना फिरतीसाठी नट पाहिजे होता. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं काम त्यांना आवडेल असं वाटतं मला." चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आता हेल्मेट खुंटीला. ती म्हणाली, "आधी होऊ तं द्या." मला राग आला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. शहाणी होती, आणि शहाण्यांचा मला तेव्हा फार राग यायचा.

आणि मग मी तो शहाणपणा केला. दुर्गहून फोटोवाला बोलावला होता मंडळाने. त्याला मी आधीच गाठून सांगितलं, "बाकी कुठले काढा नका काढू, पण शेवटच्या अंकात मी पोराकडे बघत असतो तेव्हा माझा फोटो पाहिजे. समोरून, जवळून. कंपनीवाल्यांना द्यायचा आहे." कोणी सांगितलं नव्हतं. माझी मी हौस केली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तेही गणपतीच्याच मांडवात.

नाटक संध्याकाळी सातला सुरू झालं. आमची सगळी टोळी आली होती, चाळीसेक जण, मराठी कळो न कळो. आपला माणूस आज हिरो आहे म्हणून तिसऱ्या-चौथ्या रांगेत दाटीवाटीने बसले होते. पहिल्या रांगेत कंपनीचे मालक, उपरणं घेतलेले. दोन अंक असे झाले की मला स्वतःला खरं वाटेना. बायका डोळे पुसत होत्या. मालक पुढे वाकून बघत होते, ते मी स्टेजवरून पाहिलं. त्या दोन तासांत मी जो होतो ना, तो मी खरा. बाकीचं आयुष्य मी उगाच काढलं.

शेवटचा अंक. दोस्त दारात आला. मी मान वर केली. मांडवात कोणी हलेना. एक. दोन. तीन. चार. पाच.

आणि फोटोवाल्याच्या फ्लॅशचा बल्ब उडाला.

माझी मान पडली. अशी तशी नाही, झटक्याने, हनुवटी छातीला लागेपर्यंत. कपाळावर हेल्मेट नव्हतं, म्हाताऱ्याचा टोप होता, तो नाकावर आला. तरी कदाचित निभावलं असतं. म्हाताऱ्याला दुःख झालं असं लोकांना वाटलं असतं. पण तिसऱ्या रांगेतून आमच्यापैकी कोणीतरी सवयीने ओरडलं, "आँख!" आणि चाळीसच्या चाळीस माना एका तालात खाली गेल्या. मग त्यांचं त्यांनाच कळलं. एक हसला, दुसरा हसला, आणि सगळा मांडव फुटला. पहिल्या रांगेतल्या साहेबिणीसुद्धा हसू लागल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

मी बोललो. टोप मागे सारला, स्टेजच्या काठावर आलो आणि ओरडलो, "कावून हासून राहिले बे? लाजा नाही वाटत का तुमाले? इथं माह्या जीवाचं चाललं, अन् तुमाले हासू सुचते!" मास्तर गेला, त्याची भाषा गेली, चार वर्षांची घासपूस गेली. लोक आणखीच हसले. साहेबांनी विंगेत कपाळाला हात लावलेला मी पाहिला.

तेव्हा दोस्त पुढे आला. एक पाऊल, मग थांबला, लोक शांत होईपर्यंत थांबला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाबा, तुमची दृष्टी गेली, हे मला कोणी कळवलंच नाही." असलं वाक्य नाटकात नव्हतंच. एका क्षणात मांडव गप्प झाला. मी नुसता टोप सावरत राहिलो, म्हणून माझी वाक्यंही तोच बोलला, स्वतःच्या तोंडाने, आणि मला धरून आत घेऊन गेला. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. त्याचे हात कसे जागच्या जागी होते म्हणून सांगू! मीच ठेवायला शिकवले होते तिथे.

मालक आत आले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "प्रसंगावधान म्हणतात ते हे." मग माझ्याकडे वळले. मी तोंडाचा रंग पुसत होतो. म्हणाले, "वेल्डिंगचं काम जोखमीचं असतं ना?"

मी म्हटलं, "हो जी."

महिनाभरात दोस्ताने रेल्वेची नोकरी सोडली. फोटो आला, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता आणि माझी मान खाली होती तेव्हाचा. त्यात माझ्या टोपाचा शेंडा आणि त्याचा चेहरा, लख्ख, डोळ्यांत पाणी. तोच फोटो कंपनीने जाहिरातीला वापरला, माझ्या टोपाचा भाग कापून. दुर्ग स्टेशनबाहेरच्या भिंतीवर मी तो पाहिला. त्याने जाताना माझे पाय धरले होते, म्हणाला होता, "तुमच्यामुळेच." खरंच होतं ते. म्हणून तर त्या शब्दाची अजून चीड येते.

मी पुन्हा स्टेजवर गेलो नाही. साहेबांनी पुढच्या वर्षी निरोप पाठवला, गड्याचं काम आहे म्हणून. टोळीत माझं नाव "आँख" पडलं. प्लँटभर झालं. ओळख नसलेले लोक खुर्सीपारच्या बाजारात वळून बघायचे आणि हसायचे. मला प्रसिद्धी पाहिजे होती, तर घे म्हणावं. बायको म्हणायची, "विसरा आता." विसरायला काय, मी विसरलोही असतो, मानेने विसरायला पाहिजे होतं. ती रोज शंभरदा पडतच होती.

काही वर्षांनी मंडळाने दोस्ताचा सत्कार ठेवला. मोठा नट झाला होता तो. मी जाणार नव्हतो, पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीला त्याला बघायचंच होतं. तिच्या वर्गातल्या मुली येणार होत्या. तिला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो. तो भाषण छान करतो. म्हणाला, "माझी सुरुवात याच मांडवात झाली. एका वेल्डरमुळे." एक क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला वाटलं की आता तो नाव घेणार. मी शर्टाची कॉलर नीट केली.

त्याने नाव घेतलं नाही. किस्सा सांगितला. मान कशी पडली ते करून दाखवलं, चाळीस माना दाखवल्या, "कावून हासून राहिले बे" माझ्याच आवाजात म्हटलं. फार हुबेहूब करतो. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. बायको खाली बघत होती. मुलगी तर टाळ्या पिटत होती. "बाबा, कित्ती येडा होता ना तो माणूस!"

मी म्हटलं, "हो ना."

मग त्याला हार घातला आणि फोटोवाल्याने बल्ब उडवला. तो पुढे, आम्ही कुठच्या कुठे मागे. पण माझी मान पडली. झटक्याने, हनुवटी छातीला लागेपर्यंत. वर केली तेव्हा मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे हात टाळी वाजवायला वर केलेले, तसेच राहिले होते.

घरी जाताना ती माझं बोट धरून चालत होती, एरवी धरत नसे. क्वार्टरचं फाटक आलं. तिची आई कुलूप काढायला पुढे गेली, तेव्हा पोरीने मला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "बाबा, मी शाळेत कोणाले नाही सांगणार."