गाडी जाईल एवढी वाट

आमच्या गल्लीत कुणी मोटारसायकल आडवी लावली, की चाचा तिच्या सीटवर काठीनं टकटक करायचे आणि आवाज टाकायचे, "ये कुनाची? गाडी जाऊ दे की रे!" आवाज असा, की तिकडं कळंबच्या स्टँडवर एखादा ड्रायव्हर दचकून एसटी मागं घ्यायचा. तुम्ही तिथं नव्हता, तेव्हा मी सांगतो ते खरं धरून चाला.

गल्ली तरी केवढी? दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीनं दुसरीची माफी मागून मागं सरकायचं. तोंडाशी माझं शिलाईचं दुकान, टोकाला चाचांचं घर आणि त्याच्यापुढं भिंत. चाचांना जगात कुठंही जायचं असो, माझ्या दुकानावरूनच जावं लागे.

फौजेतून हवालदार होऊन आले होते. पोरं विचारायची, "चाचा, किती दुश्मन मारले?"

"एकबी न्हाय. डोंगर मारले."

त्यांची तुकडी बर्फातल्या डोंगरांत रस्ते काढणारी. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, चाचा नुसते खाकरले तरी कडा बाजूला सरकतो. पण एकदा सदऱ्याचं माप द्यायला आले असताना आपणहून म्हणाले, "मास्तर, गोळीनं गेलेले थोडे. वाट न्हाय म्हणून गेलेले लई. वर मानूस कन्हतोय, खाली गाडी हुबी, आन् मधी दरड." त्यानंतर त्यांनी टेप माझ्या हातातून घेऊन स्वतःच स्वतःची छाती मोजली. मी एकही थाप न जोडता आकडा वहीत लिहून घेतला. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

चाचींना दमा. चुलीचा धूर सोसत नाही म्हणून रिटायर झाल्यापासून भाकरी चाचाच करायचे. थापायचे अशा, की शेजारचे लोक तोफ आली म्हणून दारं लावून घेत. चाची दारात बसून सगळ्या गल्लीला आपल्या दखनीत ऐकवायच्या, "पहाड फोड्या कते! घर में नारियल नै फुटता इनसे." चाचा आतून ओरडायचे, "अगे, तू खा ना गुमान." मग पहिली भाकरी मोडून, फुंकर घालून, आधी त्यांच्या ताटात. लेक माकणीला दिलेली. ती आली की बापाला म्हणायची, "अब्बा, आता मी करते," आणि अब्बा परात सोडायचे नाहीत.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं आजही फिरतं, ती सांगतो.

गावात एक भाऊ आहेत, पुढारी. त्यांचा एक चेला आहे, त्याला सगळे अध्यक्ष म्हणतात. कशाचा, ते त्याच्या आईलाही माहीत नसेल. त्याच्या डोक्यात आलं, भाऊंच्या हस्ते माजी सैनिकाचा सत्कार करायचा, आणि तोही चाचांच्याच गल्लीत. चाचा म्हणाले, "शाळंत करा. गल्ली बंद करू नका."

"चाचा, तुमचाच मान हाय, तुम्हीच नको म्हनता?"

सत्काराच्या दिवशी गल्लीच्या तोंडाला मांडव. आडवं स्टेज, कपाटाएवढे स्पीकर, मधोमध भाऊंसाठी लाल मखमलीची राजेशाही खुर्ची. बॅनरवर भाऊ हत्तीएवढे आणि चाचा कोपऱ्यात तिकिटाएवढे. चाचांना सकाळीच फेटा बांधून उन्हात बसवलं. भाऊंचा पत्ता नाही. स्पीकर असा वाजत होता, की माझ्या मशीनची सुई आपोआप टाके घालत होती.

तेवढ्यात चाचींचा श्वास अडकला. शेजारीण ओरडत आली. मी रिक्षा बोलावली. रिक्षा आली आणि स्टेजच्या पलीकडं उभी राहिली. अलीकडं गल्ली, गल्लीत चाची.

चाचा अध्यक्षाला म्हणाले, "स्टेज काढ."

"पाचच मिनिटं चाचा. भाऊ येरमाळ्याहून निघाल्यात. फोटो झाला की लगीच काढू."

"बाई मरायलीय रे."

"असं अशुभ बोलू नका, आज तुमचा दिवस हाय."

आणि वाचकहो, ज्या माणसानं कधी कुणापुढं मान वाकवली नाही, त्यानं त्या चिलटापुढं हात जोडले. फेट्यासकट जोडले. "वाट दे, बेटा." आणि ते चिलट मोबाईलवर भाऊंना विचारायला लागलं!

मग मी कात्री घेतली. मांडवाच्या दोऱ्या कापल्या. कापड अध्यक्षावर पडलं आणि तो आतून बोंबलत राहिला. माझ्या कारागिरीतलं तेवढंच एक काम मापात बसलं म्हणायचं. भाऊंच्या मखमली खुर्चीत चाचींना बसवलं, चौघांनी खुर्ची डोक्यावर घेतली आणि स्टेजवरून पलीकडं उतरवली. चाचा खालून त्यांचे पाय धरून चालत होते. स्पीकरवर देशभक्तीचं गाणं चालूच.

कळंबला डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायचं होतं."

चाचांनी फेटा काढला, बाकावर ठेवला आणि तिथंच सोडून आले.

भाऊ मातीनंतर आले. शाल घेऊन! दारात उभं राहून जाहीर केलं, "या गल्लीला चाचांचं नाव देणार." फोटो काढले, गेले. चाचा भिंतीकडं बघत बसले होते. लेक त्यांना माकणीला घेऊन गेली.

भाऊंनी शब्द पाळला. एवढा एकच पाळला. मांडव निदान कापता तरी आला, ही तर सिमेंटची कमान. मुळात अरुंद असलेल्या तोंडाशी हत्तीच्या पायाएवढे दोन खांब. वर चाचांचं नाव सोनेरी अक्षरांत, त्याच्यावर भाऊंचं, दुप्पट.

चाचांचा फोन आला. "मास्तर, कमान बांदली म्हनं. गाडी जाती का?"

मी जन्मभर थापा मारल्या. एक अजून मारली असती. जीभ वळली नाही. "न्हाय जात, चाचा."

फोनमधून काठीची टकटक ऐकू आली. मग म्हणाले, "मंग पाडा तिला."

मी अध्यक्षाकडं गेलो. तो डोळे वटारून म्हणतो, "चाचांच्या नावाची कमान पाडायची? फौजीचा अपमान करता व्हय, मास्तर?" भाऊंकडं गेलो, तर त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं. सह्या मागत घरोघर फिरलो. सगळे म्हणाले, बरोबर आहे तुमचं. सही कुणी केली नाही.

परवाच्या उन्हाळ्यात चाचा माकणीलाच वारले. चाचींच्या शेजारीच माती द्या, असं सांगून गेले होते. लेकीला त्यांना आधी एकदा गल्लीतल्या घरी न्यायचं होतं. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. ड्रायव्हरनं आरसे दुमडले, पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं. शेवटी खाली उतरला, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि सोनेरी अक्षरांतलं नाव वाचलं.

"लईच मोठा मानूस दिसतोय. कोन हो हे?"

मी गाडीच्या मागच्या काचेकडं बोट दाखवलं.